गोडाची हाळी

नाना दिसायच्या आधी ऐकू यायचे. गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजायची आणि तिच्या मागोमाग खणखणीत हाळी यायची, "गोड हाय! गोड हाय!" ती ऐकली की भाकरी थापता थापता थबकलेले हात पुन्हा चालू व्हायचे. गावात नव्यानं राहायला आलेल्या ग्रामसेवकाची बायको एकदा पातेलं घेऊन लगबगीनं बाहेर आली आणि म्हणाली, "बोरं कशी दिली हो?" नानांनी सायकल न थांबवता सांगितलं, "बोरं न्हाईत बाई. समदी खुशाल हायेत, यवढंच सांगायलोय."

बाईंना काही उमजेना. शेवटी शेजारणीनं त्यांना समजावलं. हा माणूस मयताचा सांगावा नेणारा. गावात कुणी गेलं की त्याच्या परगावच्या लेकींना, बहिणींना, सोयऱ्याधायऱ्यांना ती बातमी पोचवायची हे त्याचं काम. त्यामुळे नाना मुक्यानं कुणाच्या दारात उभे राहिले, तर त्या घरातल्या बाईचा जीव तिथंच अर्धा व्हायचा. मग ते कासरा मागायला आलेले असोत नाही तर बियाणं विचारायला. म्हणून साध्या कामाला निघाले की नाना लांबूनच ओरडत यायचे. गावानं त्यांचं नाव गोडनाना ठेवलं. खरं नाव मतदानाच्या दिवशी तेवढं पुकारलं जायचं, आणि तेव्हा हे कोण म्हणून नाना स्वतःच मागं वळून बघायचे.

पूर्वी हे काम गावानं ठरावीक घरांच्या माथी मारलेलं होतं. वेठच ती. त्या घरांनी एक दिवस ती झुगारून दिली आणि फार बरं केलं. मग झालं असं की ज्याच्या घरी मयत त्यानंच डोळे पुसत सोयऱ्यांकडे धावायचं. नाना तेव्हा ऐन तरणे होते. थोडी कोरडवाहू जमीन, एक सायकल आणि एका जागी बूड न टेकण्याची खोड, एवढीच त्यांची इस्टेट. "म्या जातो की," असं ते एका मयताच्या वेळी म्हणाले आणि गेले. पुढच्या वेळी लोक आपणहून त्यांच्याकडे बघायला लागले. गावाची ही जुनीच रीत आहे. एकदा जो वाकला, त्याच्या पाठीवर ओझं कायमचं.

मी नानांना निवांत बसलेलं कधी बघितलं नाही. चहा उभ्यानं, पान उभ्यानं, भांडणसुद्धा चालता चालता. पारावर सगळी मंडळी मांडी घालून बसायची आणि नाना त्यांच्याभोवती येरझारा घालत गप्पा मारायचे. त्यांचं बोलणं ऐकायचं तर प्रत्येकाला मान गरागरा फिरवावी लागे. "नाना, टेका की जरा," असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "बसलो की गंजतोय रं." त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "समद्यांच्या पायाला भिंगरी असती. आमच्याकडं भिंगरीलाच पाय फुटल्यात."

माझं कळंबला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बाजारच्या दिवशी नाना हमखास यायचे, काउंटरपाशी उभे राहायचे आणि माझी भाषा तपासायचे. मी दुकान 'बंद' करायला निघालो की त्यांचा हात वर. "वाढवतो म्हण. नारळ वाढवत्यात, दुकान वाढवत्यात. बंद काय बंद?" मी 'जातो' म्हटलं की, "येतो म्हण." डब्यातली साखर 'संपली' म्हणायची नाही, भरून आणायची झाली म्हणायचं. फार वैताग यायचा. एकदा एका गिऱ्हाइकाला मी म्हणालो, "तुमची बॅटरी मेलीय." नानांनी असं बघितलं की जणू मी त्या माणसाच्या घरातलंच कुणी मारलं. "दत्त्या, अरं येरवाळी येरवाळी काय अभद्र बोलतुस? दिस अजून कासराभरबी वर आला न्हाय. दमली म्हण." गिऱ्हाईक हसलं आणि म्हणालं, "व्हय मालक, लई दमलीय, नवीन टाका." त्या दिवसापासून माझ्या दुकानात बॅटऱ्या दमतात. कळंबच्या बाजारात अजूनही तुम्हाला 'फोन दमलाय' म्हणणारा माणूस भेटला, तर तो माझं गिऱ्हाईक समजावा.

मला सुरुवातीला वाटायचं, ही नुसती म्हाताऱ्या माणसाची सोवळी भाषा. पण सांगाव्याच्या वेळी त्यांच्या बोलण्याची सगळी मांडणी वेगळीच असायची. 'मेला' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही, 'वारले' नाही, 'देवाघरी गेले' हेसुद्धा नाही. ते एवढंच म्हणायचे, "तब्येत जास्त हाय. निघायचं बघा." पण हे बोलण्याआधी त्यांचं बरंच काही चाललेलं असे. त्या गावात शिरले की ते थेट त्या घरी जायचे नाहीत. आधी शेजाऱ्याकडे टेकायचे. म्हणजे उभेच राहायचे. हळूच विचारायचे, "त्यांच्या घरची जेवणं झाली का?" झाली नसतील तर थांबायचे, कितीही वेळ लागो. कारण एकदा कानावर पडलं की त्या माणसाच्या पोटात माती होईपर्यंत घास जाणार नाही, हे त्यांना माहीत होतं. जेवण झालं की शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईला सोबत घ्यायचं आणि मग उंबऱ्यापाशी जायचं. चप्पल काढायची नाही, आत जायचं नाही, पाणी घ्यायचं नाही.

मी एकदा त्यांना छेडलं. म्हणालो, "नाना, तब्येत जास्त आहे म्हटल्यावर सगळ्यांना कळतंच की. मग सरळ सांगून मोकळं का होत नाही?" नाना माझ्या दुकानापुढं फेऱ्या मारत होते, ते थांबले. "यवढा मोठा घास एकदम भरवू नये रं. वाटंनं चावत चावत येऊ द्यावं. गाव येस्तवर गिळला जातो." माझे वडील गेले तेव्हा मी पुण्यात होतो आणि मला कुणीतरी फोनवर एका दमात सांगितलं होतं. मी फोन हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलेलो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, तेही मला आठवतं.

पण नानांचे हे शब्द त्यांच्याच गळ्यात पडले, असं एकदा झालं. माझ्या थोरल्या चुलत्यांना ताप भरला होता. खराखुरा ताप, डॉक्टरनं सुई देऊन उतरवलेला. पण आजारपणात माणूस हळवं होतं. चुलत्यांनी हट्ट धरला, "माझ्या बहिणीला बोलवा." त्यांची बहीण, म्हणजे माझी आत्या, अणदूरला खंडोबाच्या देवळाजवळ राहायची. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. कुणाला धाडायचं? नानांना. नाना एसटीनं निघाले आणि वाटेत त्यांच्या ध्यानात आलं की 'गोड हाय' म्हणता येत नाही, कारण भाऊ आजारी आहे. आणि नुसतं गप्प उभं राहिलं तर काय होईल हे उघडच होतं.

व्हायचं तेच झालं. आत्यानं नानांना दारात बघितलं आणि सूप खाली टाकलं. नाना म्हणाले, "आक्का, भाऊ आजारी हायेत." आत्यानं हंबरडा फोडला. "अवो, खरंच आजारी हायेत!" हंबरडा वाढला. नाना घामाघूम झाले. "निस्ता ताप हाय आक्का! जित्ते हायेत! पेज प्यालेत सकाळी!" शेजारच्या बाया तोवर जमल्या होत्या. त्यातली एक डोळ्याला पदर लावून म्हणाली, "किती ग्वाड बोलून सांगायलाय बिचारा." त्या दुपारी अणदूरहून एक टेम्पो भरून माणसं निघाली. आमच्या वेशीपाशी बायांनी गळा काढला. चुलते ओट्यावर बाजेवर बसून पेज पीत होते. रडणं ऐकून ते काठी टेकत उठले, डोक्याला मफलर गुंडाळला आणि टेम्पोला सामोरे जाऊन काळजीनं विचारू लागले, "कोण गेलं रं?"

आत्यानं आधी भावाला मिठी मारली आणि मग त्यांच्या पाठीत जो धपाटा घातला, तो चुलते मरेपर्यंत सांगत. गाव महिनाभर हसलं. नाना मात्र हसले नाहीत. किती तरी दिवस ते अस्वस्थ होते, घरातल्या घरात फिरायचे. काकूंना म्हणाले, "खरं सांगायला माझ्यापाशी शब्दच न्हाय उरला बग." ते ऐकून मला वाईट वाटलं, आणि हसूही येत राहिलं. माणसाची आयुष्यभराची पुण्याई अशी आडवी यावी म्हणजे कमाल झाली.

नानांना एकुलती एक लेक, शालन. ती लोहाऱ्याजवळच्या खेड्यात दिलेली. ती 'गोड हाय'ची हाळी मुळात तिच्यासाठी सुरू झाली, हे मला काकूंनी सांगितलं. शालनला दिवस गेले होते आणि नाना तिच्यासाठी हुरडा घेऊन गेले. लेकीला बघायची एवढी घाई की सरळ अंगणात जाऊन उभे राहिले. शालन पाण्याची कळशी घेऊन येत होती. तिनं बापाला दारात बघितलं, पायात चप्पल, तोंडात शब्द नाही. कळशी सुटली. ती तिथंच खाली बसली आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "आई?" नानांनी पिशवी उलटी करून सगळा हुरडा तिच्यापुढं ओतला. "हुरडा गं माझे माय, निस्ता हुरडा! तुझी माय खडखडीत हाय!" पोरीला काही झालं नाही, बाळही धडधाकट झालं. पण नाना परत आले ते ठरवूनच. पुढं ते लोहाऱ्याच्या फाट्यावर जीपमधून उतरले की तिथूनच हाळी द्यायला सुरुवात करायचे. गाव अजून दिसतही नसायचं. शालनची पोरं त्यांना गोडआजा म्हणायची.

तरी ते तिच्याकडे फार जात नसत. म्हणायचे, "एखाद्या बारीला वाऱ्यावर हाळी न्हाय पोचली तर?" लेकीवर इतका जीव, आणि तिच्या घरचा रस्ता मात्र त्यांनीच स्वतःसाठी अवघड करून ठेवलेला.

मग घराघरात मोबाईल आले. मीच विकले, माझ्यासारख्यांनीच. कुणी गेलं की त्याच्या मुंबई-पुण्याच्या पोरांना कळून गावच्या शेजाऱ्याला उलट तिकडूनच कळायला लागलं. नानांचं काम आपोआप थांबलं. पण नाना थांबले नाहीत. ते तरीही निघायचे. तिथं पोचायचे तर माणसं आधीच रडत असायची, नाही तर कुलूप लावून केव्हाच निघून गेलेली असायची. नाना थोडा वेळ त्या दारापुढं उभे राहायचे आणि पुढच्या गाडीनं परत. "आता निस्तं उभं राहायला जातोय," असं एकदा ते मला म्हणाले. हसत म्हणाले, पण हाताला चाळा म्हणून माझ्या काउंटरवरचे स्क्रू एकेक करून सरळ रेषेत मांडत राहिले.

एका उन्हाळ्यात आमच्या गावचे एक म्हातारे गेले. त्यांची लेक आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडे दिलेली. नाना सवयीनं निघाले. त्या गावाच्या अलीकडे, रस्त्यावर, त्यांना ती बाई समोरून येताना दिसली. अनवाणी, एकटी, डांबर तापलेलं. ती शेतात एकटी होती. आमच्या गावातल्या कुणा पोरानं तिच्या बापाचा हार घातलेला फोटो स्टेटसला लावला होता, तो तिनं विळा हातात असताना बघितला. कुणी सांगितलं नाही, कुणी जवळ नाही, सकाळपासून पोटात काही नाही. ती माहेरच्या दिशेनं नुसती चालत सुटली होती. नानांनी आपली चप्पल तिच्या पायात घातली, एका झाडाखाली नेलं, पाणी पाजलं आणि येणाऱ्या गाडीला हात केला.

दुसऱ्या दिवशी बाजार नसतानाही ते दुकानात आले. तळपायाला फोड आलेले, त्यामुळे लंगडत फेऱ्या मारत होते. "तुझी ही डबडी," ते म्हणाले, "ह्यांना तोंड हाय, पर जीव न्हाय. शेजारी न्हाय बघत, जेवली का न्हाय बघत." मी म्हणालो, "नाना, डबडं काय करणार? लावणाऱ्याला कळायला पाहिजे." त्यांनी माझं ऐकलंच नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "ऐक. माझी तब्येत जास्त झाली की शालनकडं तू जायचं."

मी मुद्दामच म्हणालो, "तब्येत जास्त झाली तर आधी दवाखान्यात नेऊ की."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू जागच्या जागी विरलं. "फोन न्हाय करायचा. कुणाला करू द्यायचा न्हाय. तोंडानं सांगायचं. जेवल्यावर." मी विचारलं, "मीच का?" म्हणाले, "तुझ्याबी पायाला भिंगरी हाय. दुसरं कोण उठतंय हल्ली?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडून हातावर हात मारून घेतला आणि निघाले. जाता जाता वळून ओरडले, "दुकान वाढवून वेळंवर घरी जात जा."

पुढच्या वर्षी सुगीच्या दिवसांत ते गेले. सकाळी काकूंनी त्यांना दुधात भाकरी कुस्करून दिली, वर गुळाचा खडा. ती खाऊन ते उठले, चप्पल घातली, कुठं निघाले होते कोण जाणे, आणि उंबऱ्यातच बसले. काकू सांगतात, "बसलेलं बघितलं तवाच माझ्या काळजात चर्र झालं. ह्या माणसाला बसायचं ठावंच न्हाय." मी पोचलो तेव्हा गल्ली भरली होती. आणि मला पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे दोन पोरांच्या हातात फोन.

मी तिथंच ओरडलो. काय ओरडलो ते धड आठवत नाही. शालनला अजून कळलेलं नाही, मी जाऊन सांगेपर्यंत एकानंही ग्रुपवर काही टाकायचं नाही, असं काहीसं. आमच्या गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाच्या म्हशीला रेडा झाला तरी फोटो फिरतात. पण त्या सकाळी काकू उंबऱ्यातून म्हणाल्या, "ऐका रं त्याचं. त्यांनी सांगितलेलं हाय." आणि माझ्यासमोर एकेक फोन खिशात गेला. ज्या पोरानं आदल्या वर्षी त्या म्हाताऱ्यांचा फोटो लावला होता तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, "फोन आत ठेवा. दत्तूदादा येस्तवर गप."

मी गाडी काढली. लोहारा आमच्यापासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. धाराशिव मागं पडेपर्यंत मी दर थोड्या वेळानं फोन बघत होतो. गाव गप्प होतं, पण गावाचे लोक कुठं कुठं पसरलेत याला काही हिशेब? तुळजापूरला राहणाऱ्या एकानं गुलाबाच्या फुलांत नानांचा फोटो लावलाच. मी गाडी कडेला घेऊन त्याला फोन केला आणि नानांनी ज्या शब्दांना कधी तोंड लावलं नसतं, ते सगळे वापरले. त्यानं फोटो काढला. पण तेवढ्यात कुणी बघितला असेल? शालनच्या नणंदेनं? तिच्या पोरांनी शाळेतल्या कुणाच्या फोनवर? पुढचा सगळा रस्ता मी स्टिअरिंगवर बोटं आपटत काढला. समोर ट्रॅक्टर आला तरी मला रडू येत होतं. नानांसाठी रडायला मला सवडच मिळाली नव्हती, आणि ते असं ट्रॅक्टरच्या मागं येत होतं.

शालनच्या गावात गाडी मी देवळापाशीच ठेवली आणि चालत गेलो. तिच्या घराला लागून एका म्हातारीचं घर. ती कडुनिंबाखाली शेंगा फोडत बसली होती. मी तिला रामराम केला आणि विचारलं, "शालनच्या घरची जेवणं झाली का?" म्हातारीचा शेंगेवरचा अंगठा थांबला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, मग माझ्या पायातल्या चपलेकडे. "न्हाईत अजून," ती हळू म्हणाली. "मालक आत्ता रानातनं आल्यात. तवा चुलीवर हाय तिचा." आणि तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवून माझ्यासाठी जागा केली.

मी बसलो. आयुष्यात मी असा कधी बसलो नव्हतो. बुटक्या भिंतीपलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि माझ्या खिशात फोन थरथरत होता. गावाकडून विचारणा होती, सांगितलं का, कधी येता, माती कितीला धरायची. मी उठायचो, दोन पावलं टाकायचो आणि परत बसायचो. एवढ्यात भिंतीपलीकडे फोन वाजायला लागला. शालनचा. तुळजापूरचा फोटो कुणीतरी बघितला होता, नक्की. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. मी भिंतीला धरून उभा होतो. म्हातारीनं माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. फोन वाजून वाजून गप्प झाला. कुणीच उचलला नाही. मग ताटाचा आवाज आला, आणि बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

भांडी आवरल्याचा आवाज झाला तेव्हा म्हातारी उठली आणि मी तिच्या मागोमाग निघालो. उंबऱ्यापाशी थांबलो. चप्पल काढली नाही. शालन आतून हात पुसत आली. मागं तिचा नवरा. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की नानांचे शब्द सांगायला सोपे नाहीत. "शालन," मी म्हणालो, "नानांची तब्येत जास्त हाय. निघायचं बघ."

"व्हय," ती म्हणाली. रडली नाही. "तुमी कडुनिंबाखाली बसलेलं मगाच दिसलं, दत्तूदादा. भाकर थापताना."

ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "नाना म्हणायचं, सांगाव्याचं माणूस शेजारी टेकलं की त्याला बसू द्यावं. आपुन आपली भाकर खावी. मग खाल्ली. अख्खी खाल्ली. फोन वाजला, पर म्हटलं आता फोनवर न्हाय ऐकायचं. तुमी आलाव न्हवं यवढ्या लांबनं." मग ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "चला. पातळ बदलून आलेच."

परतीच्या वाटेवर ती मागं बसली होती, खिडकीशी. नवरा माझ्या शेजारी. कुणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. मधेच ती बोलायची. नाना हुरडा घेऊन आले ते बोलली. फाट्यावरून कसे ओरडत यायचे आणि पोरं कशी धावत सुटायची ते बोलली. मी नुसता हुंकार देत होतो आणि गाडी हाकत होतो. धाराशिव गेलं, मग येरमाळ्याचा घाट गेला. ऊन कलायला लागलं.

आमच्या गावाची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा तिनं पुढं वाकून माझ्या सीटला धरलं.

"दत्तूदादा, नाना जेवून गेलं का?"

"जेवून गेले," मी म्हणालो. "दुधात कुस्करून भाकर. वर गुळाचा खडा."

"गोड खाऊन गेलं," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तिच्या नवऱ्यानं मागं हात करून तिचा हात धरला. मी गाडी थांबवली नाही. गल्लीच्या तोंडाशी सगळं गाव उभं होतं, खिशात फोन ठेवून, आमची वाट बघत.